नारिंगी अक्षरे येईपर्यंत

आमच्या सिडकोत नळाला पाणी येण्याचा दिवस हा एक सणच असतो. फरक एवढाच की पंचांगात त्याची तिथी सापडत नाही. कधी आठव्या दिवशी येते, कधी दहाव्या, आणि येते तेव्हा पहाटे चार ही त्याची आवडती वेळ. पैठणच्या नाथसागरातून पन्नासेक किलोमीटर चढून आलेले पाणी. त्याला उशिराबद्दल बोलायचे धाडस कोण करणार? गेल्या दिवाळीतल्या अशाच एका पहाटे मी व्हरांड्यात नळाला कान लावून बसलो होतो. घरातली सगळी भांडी, पिंपापासून तांब्यापर्यंत, पंगतीला बसल्यासारखी ओळीने मांडलेली होती. शेजारच्या खुर्चीत पुण्याहून आलेली माझी भाची मांडीवर लॅपटॉप घेऊन काळ्या पडद्यावर सरकत जाणाऱ्या पांढऱ्या ओळींकडे बघत होती. माझ्या नळातून मधूनच एक सुस्कारा निघे, तिच्या लॅपटॉपच्या पंख्यातून एकसारखी घरघर. दोघांच्या चेहऱ्यावर वाट बघणाऱ्या माणसाचा तोच एक अर्धवट शहाणा भाव असावा.

“काय चाललंय गं इतक्या पहाटे?”

“पॅकेज बांधतेय, मामा.”

पॅकेज हा शब्द आमच्याकडे दोनच अर्थांनी येतो. एक लग्नाळू मुलाचे, जे पत्रिकेतल्या छत्तीस गुणांच्याही आधी विचारले जाते. दुसरे मराठवाड्याचे, जे मंत्रिमंडळाची बैठक आमच्या शहरात भरली की जाहीर होते आणि पुढची बैठक भरेपर्यंत जुन्या वर्तमानपत्रात पिवळे पडत जाते. पॅकेज हाताने बांधतात, तेही पहाटे चारला, हे मी प्रथमच ऐकत होतो.

मग कळले ते असे. डेबियन नावाची एक संगणकप्रणाली आहे. तिला कंपनी नाही, मालक नाही. १९९३ पासून जगभरातली हौशी माणसे ती चालवत आली आहेत आणि ती कोणालाही फुकट मिळते. त्या प्रणालीत जी हजारो सॉफ्टवेअर असतात, त्यांतले प्रत्येक कोणीतरी बसून तिच्या घरात बसेल असे बांधून दिलेले असते. आमच्या भाचीने त्यातले एक लहानसे, व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कांची देखभाल करणारे, सांभाळायला घेतले आहे. आधी ते ज्याच्याकडे होते त्याला वेळ मिळेना, म्हणून त्याने ते ‘अनाथ’ म्हणून जाहीर केले. हा तिथला अधिकृत शब्द आहे. “आणि मग मी दत्तक घेतलं,” असे ती सहज म्हणाली. स्वयंपाकघरात फराळाचे डबे लावणाऱ्या तिच्या मामीच्या कानावर नेमके एवढेच वाक्य पडले आणि ती हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली. गैरसमज दूर व्हायला पाच मिनिटे लागली. सगळे ऐकून घेतल्यावर तिने निकाल दिला, “म्हणजे गणेश मंडळासारखंच की. फक्त वर्गणी नाही.” डेबियनवर मी नंतर बरेच काही वाचले, पण याहून नेटकी व्याख्या मला भेटली नाही.

मला न उलगडणारी गोष्ट वेगळीच होती. एकाने सॉफ्टवेअर लिहिले, दुसऱ्याने ते वापरले. मध्ये बांधायचे काय उरते? आणि ती समजावून सांगत असताना मला एकदम एसटीने येणारा डबा आठवला. मी शिकायला इथे होतो तेव्हा आई-अण्णा कन्नड तालुक्यात, अण्णांच्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गावी. दर शनिवारी मध्यवर्ती बसस्थानकावर कंडक्टरच्या हाती माझा डबा येई. धोतराच्या फडक्यात गाठ मारलेला, गाठीत खोचलेली चिठ्ठी. डबा आई भरायची, चिठ्ठी अण्णा लिहायचे. ‘लोणच्याची बरणी उभी ठेवणे. ठेचा भाकरीबरोबरच खाणे, नुसता नव्हे. भाकरी मेसची चालेल. करंज्या शेजारच्या खोलीतील मुलास देणे, त्याचे घर लांब आहे. फडके व डबा परत पाठवणे.’ खाणे काय, ते डबा उघडला की दिसतेच. पण डबा उघडणारा पोरगा विसराळू आहे, खोलीत ताट एकच आहे, मेसची भाकरी जाड असते, हे सगळे ध्यानात घेऊन ती चिठ्ठी लिहिलेली असे. भाचीने लॅपटॉप माझ्याकडे वळवला तेव्हा पडद्यावर हुबेहूब तसलीच एक चिठ्ठी होती, फक्त इंग्रजीत. या पॅकेजला अमक्यावाचून चालणार नाही. तमके असेल तर बरे. हे आणखी एक सुचवून ठेवतो. आणि याच्याशी याचे पटत नाही, दोघांना एका घरात ठेवू नये. शेवटची नोंद वाचून मला आमच्या दोन काकांची आठवण झाली. पस्तीस वर्षे आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात त्यांची पाने वेगवेगळ्या पंगतीत मांडावी लागत, आणि ती चिठ्ठी कोणी लिहून ठेवलेली नसल्यामुळे दर लग्नात एकदा तरी ते समोरासमोर यायचेच.

बांधण्याचे नियम मात्र असे सोवळ्यातले, की आमची पैठणची आत्या पाहती तर तिला गहिवरून आले असते. बदलांची एक रोजनिशी ठेवावी लागते. तिच्या प्रत्येक नोंदीखाली सहीची ओळ. त्या ओळीत आधी एक जागा मोकळी सोडायची, मग दोन आडव्या रेघा, मग नाव, मग ईमेलचा पत्ता, आणि पत्त्यानंतर तारखेच्या आधी दोन जागा मोकळ्या. एक नाही, तीन नाही, दोन. पॅकेजची ओळख करून देणारे वाक्य ऐंशी अक्षरांच्या आत बसवायचे. हे सगळे पाळले की नाही ते पाहायला लिंटियन नावाचा एक तपासनीस प्रोग्राम आहे. कपड्यावर चिकटलेल्या सुताच्या कणांना इंग्रजीत जे म्हणतात त्यावरून त्याचे नाव आले आहे, आणि तो खरोखरच कोट झटकून देणाऱ्या जुन्या शिंप्यासारखा एकेक कण चिमटीत धरून दाखवतो. त्या पहाटे त्याने भाचीच्या वर्णनात शुद्धलेखनाची एक चूक काढली. तिने कपाळावर हात मारला, चूक दुरुस्त केली आणि पुन्हा सगळे पहिल्यापासून बांधायला घेतले. इतके करून ते भांडारात ठेवण्याचा अधिकार तिला नाहीच. कोणा जाणत्या सदस्याने तपासून, स्वतःची डिजिटल सही करून ते चढवायचे. तो सदस्य बहुधा दुसऱ्या खंडात झोपलेला असतो.

तेवढ्यात नळ बोलला. आम्ही दोघे उठलो, भांडी भरली, आणि पुढचा तासभर डेबियन जगाच्या पाठीवर माझ्या घरापुरते स्थगित राहिले.

पाणी भरता भरता ती म्हणाली की मूळ सॉफ्टवेअर जिथून येते त्या लेखकमंडळींना ते ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. वरचा प्रवाह. बांधणारे खालच्या अंगाला. मी तिला विचारले, “पाणचक्की कधी नीट बघितलीस?” आमच्या शहरातल्या माणसाने पाणचक्की नीट बघितलेली नसते, पाहुणे आले की त्यांना दाखवायची म्हणून तो तिथे जातो आणि बाहेर रस्त्यावर रसवंतीत बसतो. भाऊबीजेच्या दुपारी मी तिला घेऊन गेलो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी काही मैल मातीच्या नळांमधून, निव्वळ उताराच्या भरवशावर, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापर्यंत आणलेले आहे. तिथे ते एका उंच भिंतीवर चढते, वरून हौदात कोसळते आणि त्या जोरावर खाली दगडी जाते फिरते. १७४४ च्या सुमाराला हे पुरे झाले. त्याच्याही शतकभर आधी मलिक अंबरने या गावाला भुयारी नहरींनी पाणी पाजले होते. जात्यावर यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी पीठ दळले जाई. म्हणजे भाकरी खाणाऱ्याला जाते ठाऊक, फार तर कोसळणारे पाणी ठाऊक. वर डोंगरात झरा आहे हेही एखाद्याला ठाऊक असेल. पण मधल्या त्या मातीच्या नळांची आठवण, ते फुटल्याशिवाय कोणालाही होत नाही.

“तू तो मातीचा नळ,” मी म्हटले. तिला ते आवडले की नाही कोण जाणे. मुली आजकाल स्वतःला झरा समजतात, आणि समजावेही. पण एक गोष्ट तिने सांगितली ती माझ्या उपमेला ओलांडून गेली. खालच्या अंगाला एखादा दोष सापडला आणि बांधणाऱ्याने तो दुरुस्त केला, तर ती दुरुस्ती वर उगमाकडेही कळवायची, असा तिथला शिष्टाचार आहे. पाणी खाली येते आणि दुरुस्ती वर जाते. मलिक अंबरलाही हे जमले नसते.

पाणचक्कीत आणखी एक चमत्कार आहे, ज्याकडे लोकांचे लक्ष जात नाही. तिथले मोठे तळे म्हणजे खालच्या दालनाचे छप्पर आहे. वर मासे फिरतात, खाली उन्हाळ्यात माणसे गारव्याला बसत. खालच्याला वाटते आपल्या डोक्यावर छत आहे; वरच्याला वाटते आपल्या पायाखाली तळ आहे. दोघांचेही खरे, आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. तळ्याच्या कठड्यावर बसून भाचीने मला व्हर्च्युअल मशीन समजावले, आणि त्या जागी बसून ते मला जितके कळले तितके वर्गात बसून कळले नसते.

एका खऱ्या संगणकाच्या पोटात दुसरा, नसलेला संगणक उभा करायचा. त्याला नसलेला पडदा, नसलेली डिस्क, नसलेला कळफलक द्यायचा. त्यावर एखादी प्रणाली चढवली की ती आपण खऱ्याच यंत्रावर आहोत अशा समजुतीत संसार करू लागते. खाऱ्या पाण्याच्या माशाला गोड्या तळ्यात समुद्र भासवावा तसे. या विद्येतला क्यूएमू नावाचा एक उस्ताद आहे, २००३ साली फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने लिहायला घेतलेला. खऱ्या यंत्राला या क्षेत्रात ‘होस्ट’ म्हणतात आणि आतल्याला ‘गेस्ट’. मराठीत यजमान आणि पाहुणा. आता यजमान हा शब्द आमच्या घरात दुसऱ्याच माणसासाठी राखून ठेवलेला आहे, त्यामुळे “यजमानाची मेमरी कमी पडतेय, पाहुणा अडकलाय” हे भाचीचे वाक्य ऐकून तिच्या मामीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत विनोदापेक्षा दुजोरा जास्त होता.

यजमानाचा पाहुणचार मात्र पाहावा. क्यूएमूला काही वेगळे सांगितले नाही, तर तो पाहुण्याला जो मदरबोर्ड दाखवतो, त्याचा चिपसेट इंटेलने १९९६ साली बाजारात आणलेला आहे. म्हणजे यजमान कालपरवाचा, लाखो रुपयांचा सर्व्हर असो. त्याच्या पोटातला पाहुणा डोळे उघडतो तो १९९६ मध्ये. का, तर त्या जुन्या पाटावर बसायची सगळ्यांनाच सवय आहे. कोणत्याही प्रणालीला तो ओळखीचा वाटतो. पाहुणा आला की ठेवणीतला जुना पाट काढावा, तसे. मला हे फार आवडले. जगातल्या कितीतरी अत्याधुनिक यंत्रांच्या पोटात आजही ते साल चालू आहे, हे कळल्यापासून मला आमच्या भिंतीवरचे न काढलेले जुने कॅलेंडर तितकेसे लाजिरवाणे वाटत नाही.

या पाटाबरोबर एक फ्लॉपी ड्राइव्हही येई. फ्लॉपी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी घरातल्या चाळिशीपुढच्या कोणालाही विचारावे आणि मग अर्धा तास ऐकून घ्यावे. २०१५ च्या मे महिन्यात असे उघडकीला आले की या नसलेल्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत २००४ पासून एक भोक होते, आणि त्यातून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरता येत होते. त्या भोकाला ‘व्हेनम’ म्हणजे विष असे नाव पडले. फ्लॉपी नाही, फ्लॉपीचे यंत्र नाही, आहे ती निव्वळ नक्कल. पण नकलेतले भोक मात्र अस्सल! जगभरच्या बांधणाऱ्यांनी तेव्हा घाईघाईने नवी पॅकेजे बांधून पाठवली. आमच्या गावाला बावन्न दरवाज्यांचे शहर म्हणतात. त्यातले बरेचसे आता फक्त नावापुरते आहेत. आजवर मी समजत होतो की नावापुरत्या दरवाज्यातून कोणी येत नाही.

नक्कल हा शब्द लिहिला खरा, पण या गावात तो जपून वापरावा. इथल्या हिमरूचेच पाहा. सोन्या-रेशमाच्या किनखापासारखे दिसणारे, पण सूत आणि रेशीम मिसळून विणलेले कापड. त्याच्या नावातच ‘त्याच्यासारखे’ असा अर्थ सांगतात. म्हणून कोणी हिमरूला खोटा किनखाप म्हटले नाही. तो हिमरू म्हणूनच नावाजला. आणि बीबीचा मकबरा तर आहेच. घुमट संगमरवराचा, भिंतींना कमरेपर्यंत संगमरवर, त्यावर चुन्याचा गिलावा. म्हणजे ताजमहाल नावाची प्रणाली जरा कमी मेमरीच्या यंत्रावर चालवलेली. त्याचा खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे झाल्याची नोंद आहे. ते सात आणे कोणी लिहून ठेवले असतील? मला खात्री आहे, तो माणूस आज असता तर तारखेच्या आधी बरोबर दोन जागा मोकळ्या सोडता. भाची म्हणाली, “डेबियन हेही तसंच नाव आहे, मामा. इयान मर्डॉकने सुरू केलं तेव्हा मैत्रिणीचं नाव आधी घातलं, मग आपलं. डेब्रा आणि इयान.” पुढे त्यांचे लग्न झाले, पुढे ते मोडले, २०१५ च्या डिसेंबरात इयानही गेला. नाव राहिले, आणि अजूनही ते रोज जगात कुठे ना कुठे कोणीतरी टंकते. दगडात बांधलेली स्मारके आपण चालत जाऊन बघतो. हे न बघताच वापरले जाते.

नावांवरून आठवले. व्हर्च्युअलबॉक्स नावाचे या घराण्यातले दुसरे एक सॉफ्टवेअर २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने खुले केले; २००८ मध्ये ती सनने घेतली, २०१० मध्ये सन ओरॅकलने घेतली. तीन वर्षांत तीन मालक. आमच्या शहराला खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर एवढ्या नावांना चारशे वर्षे लागली. पॅकेजचे नाव बदलले तर काय करावे, याचीही डेबियनकडे रीत आहे. जुन्या नावाचे एक रिकामे पॅकेज काही काळ ठेवतात. आत काही नसते. जुन्या नावाने हाक मारणाऱ्याचे बोट धरून ते नव्याकडे नेते, बस. हे ऐकल्यावर मला आमचे रिक्षावाले नव्याने कळले. पाटीवर महावीर चौक, तोंडात ‘बाबा’. बाबा पेट्रोल पंप म्हटले की रिक्षा बरोबर महावीर चौकात उभी राहते, आणि हे काम कोणीही पॅकेज न बांधता चालू आहे. तो व्हर्च्युअलबॉक्स मात्र डेबियनच्या स्थिर आवृत्तीत २०१७ पासून नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या सुट्या मिळत नाहीत, सरळ नवी आवृत्तीच घ्या असा वरचा आग्रह. आणि स्थिर घरात पाच वर्षे एकच भांडे जपून वापरायची रीत. तेव्हा तो ‘सिड’मध्ये राहतो. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची नावे देतात, आणि कायम अस्थिर असलेल्या आवृत्तीला त्यातल्या खेळणी मोडणाऱ्या पोराचे. एवढ्या सोवळ्यातही कोणालातरी हे सुचले, म्हणून मला त्या मंडळींचा भरवसा वाटतो.

पाणचक्कीवरून परत येताना मला कपाटातली डिस्क आठवली.

अण्णांनी निवृत्तीनंतर, २००० साली, एक जुना संगणक घेतला होता. घेतला तेव्हाच जुना. पाठीमागे मोठे खटक्याचे बटण असलेला. त्यावर ते हिशेब लिहीत, पत्रे लिहीत, आणि उरलेला वेळ त्याच्याकडे आदराने बघत. २००६ साली ते गेले. पुढे यंत्र भंगारात गेले, पण डिस्क मी काढून ठेवली. का ठेवली ते सांगता येणार नाही. चष्मा ठेवला, तशीच. तिच्यातल्या फायली मध्यंतरी एकाने काढून दिल्या होत्या, पण अण्णांचे मराठी युनिकोडच्या आधीच्या कुठल्याशा फॉन्टातले. माझ्या संगणकावर ते उघडले की डोक्यावर टोप्या घातलेली, टिंबे ओघळणारी रोमन अक्षरे समोर येत. पाऊस खाल्लेली भिंत वाचावी तसे मी ते दोन दिवस वाचून पाहिले होते.

“फॉन्ट त्याच डिस्कवर असणार ना,” भाची म्हणाली, “मग ती डिस्कच उठवू.” आईने कपाटातून गाठोडे काढून दिले. आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे; घरातली कोणती वस्तू कोणत्या फडक्यात आहे हे तिच्याकडे बिनचूक असते. डिस्क ज्यात गुंडाळली होती ते फडके म्हणजे अण्णांच्या संगणकाचे झाकण होते. जीर्ण हिमरू शालीचा उरलेला भाग, आईनेच शिवलेला, मॉनिटरच्या पाठीला पोक असते म्हणून मागे चुण्या घेतलेला.

रात्री जेवणे झाल्यावर भाचीने ती डिस्क एका अडॅप्टरला जोडली, तिची अक्षर न अक्षर नक्कल एका फायलीत उतरवून घेतली आणि क्यूएमूच्या हवाली केली. पडदा काळा झाला, मग निळसर ढग आले, विंडोज ९८. पाहुणा वीस वर्षांनी जागा झाला आणि भोवती बघू लागला. नवीन हार्डवेअर सापडले, असे तो म्हणाला. ठीक, म्हटले. पुन्हा म्हणाला, नवीन हार्डवेअर सापडले. माउस सापडला, पडदा सापडला, तो नसलेला फ्लॉपी ड्राइव्हही सापडला. प्रत्येक वेळी तितक्याच आश्चर्याने. मधेच त्याने विंडोजची सीडी घाला असा हट्ट धरला; भाचीने त्याला त्याच्याच डिस्कवरचा एक कोपरा दाखवून गप्प केले. अखेर तो स्थिरावला. हिरवट निळा पडदा, डाव्या कडेला चार-सहा चित्रे, आणि मधोमध, अण्णांच्या शिस्तीने, एकच फाईल. रोमन लिपीत नाव: सूचना.

ती उघडली. अक्षरे मराठीत आली. टोप्या नाहीत, ओघळ नाहीत. सरळ, काळी, शिरोरेघ धरून बसलेली. तारीख मे २००४ ची. त्या महिन्यात अण्णा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस ताईकडे पुण्याला गेले होते. मी आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचू लागलो.

‘संगणक बंद करण्याची रीत. १. जे उघडले असेल ते आधी मिटवणे. २. डाव्या कोपऱ्यातील स्टार्ट या बटणावर टिचकी मारणे. (सुरू करण्याच्या बटणावरूनच बंद करावे लागते. हसू नये.) ३. शेवटून पहिले जे आहे ते दाबणे व पुढे हो म्हणणे. ४. पडदा काळा होऊन नारिंगी अक्षरे येईपर्यंत थांबणे. तोवर मागील खटक्यास हात लावू नये. यंत्र आवराआवर करीत असते. ५. अक्षरे आली की खटका खाली. ६. झाकण घालणे. चुण्या मागे. ७. जमले नाही तर तसेच ठेवणे. मी आल्यावर बघतो.’

त्या खेपेला ते आले होतेही.

आई म्हणाली, “मी कुठं हात लावत होते त्याला. फडक्यानं पुसायचे तेवढं.” मग थोड्या वेळाने, “त्यांना वाटायचं, मी लावते.”

भाचीला सकाळची गाडी होती. तिने घड्याळ पाहिले आणि माऊस माझ्या हातात दिला. पाहुण्याला बंद करण्याचे पर्याय यजमानाच्या खिडकीत वर एका ओळीत उतरले होते. शट डाऊन. फोर्स ऑफ. आणि सेव्ह, म्हणजे तो जसा आहे तसा, उघड्या फायलीसकट, जिथे बाण थांबला आहे तिथेच, गोठवून ठेवणे. पुन्हा उठवले की त्याला मधला काळ गेलेला कळतही नाही. मी नारिंगी अक्षरे कधी पाहिली नव्हती; पाहावीशी वाटली. स्टार्टवर टिचकी मारली. शेवटून पहिले जे आहे त्यावर बाण नेला. मग तो मागे घेतला, सातवी सूचना पुन्हा एकदा वाचली, आणि सेव्ह दाबले.

“झालं का बंद?” आईने विचारले.

“तसंच ठेवलंय.”

“मग झाकण घाल.”

“आजी, लॅपटॉपला झाकण असतंच गं,” भाची हसून म्हणाली आणि तिने तो मिटला. पण तोवर आई फडके घेऊन उठली होती. तिने चुण्या कोणत्या बाजूला ते चाचपून पाहिले, मागची बाजू भिंतीकडे केली आणि ते त्या इवल्याशा लॅपटॉपवर नीट पसरले. ते फार मोठे होत होते. टेबलाच्या दोन्ही अंगांनी ते जवळजवळ जमिनीपर्यंत लोंबत राहिले.